आधी लिव्हर तपासा, मग ऑपरेशनचं नाव ठरवा

वजन घटवण्याच्या ऑपरेशनसाठी निघालेल्या माणसाच्या फाइलमध्ये साखरेचे रिपोर्ट असतात, थायरॉइड असतं, ईसीजी असतो, कधी झोपेची तपासणीही असते. लिव्हरबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर. कोणतं ऑपरेशन करायचं हे ठरवायला ही ओळ पुरत नाही. सोनोग्राफीचा ग्रेड लिव्हरमध्ये चरबी साधारण किती आहे एवढंच सांगतो. लिव्हर किती घट्ट झालं आहे, त्यात वळ, म्हणजे सुजेनंतर उरणारे घट्ट व्रण, किती पडले आहेत, हे त्यातून कळत नाही. ग्रेड वनवाल्याचं लिव्हर सिऱ्होसिसच्या, म्हणजे पार कडक होण्याच्या, उंबरठ्यावर असू शकतं आणि ग्रेड थ्रीवाल्याचं अजून मऊ असू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले लोक या ऑपरेशनासाठी बेळगावात, कोल्हापूर-मिरजेला, हुबळीला, पुण्याला किंवा गोव्याला जातात. कुठेही जा, पण जाण्याआधी लिव्हरची स्थिती माहीत असू द्या.

चरबी लिव्हरमध्ये येते कुठून?

लोकांना वाटतं, तेल-तूप जास्त झालं म्हणून लिव्हरला चरबी धरली. खरा हिशेब वेगळा आहे. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या लिव्हरमधली सुमारे ६० टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून सुटून रक्तावाटे तिथे पोचलेली असते. साधारण चौथा हिस्सा लिव्हर स्वतःच साखर आणि पिठापासून तयार करतं. ताटातल्या तेल-तुपातून थेट येते ती १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तूप बंद करून दिवसाला चार कप गोड चहा आणि दोन्ही वेळा भाताचा डोंगर चालूच ठेवला, तर लिव्हरला फरक पडत नाही.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी नुसती चरबी, मग चरबीबरोबर सूज, मग सुजेच्या जागी वळ, म्हणजे फायब्रोसिस, आणि शेवटी गाठी-गाठींचं कडक लिव्हर, म्हणजे सिऱ्होसिस. वळांची पातळी एफ झिरो ते एफ फोर अशी मोजतात. २०२३ पासून या आजाराला डॉक्टर ‘एमएएसएलडी’ आणि सूज असेल तर ‘एमएएसएच’ म्हणतात. जुन्या रिपोर्टवर ‘एनएएफएलडी’ किंवा ‘नॅश’ लिहिलेलं असेल तर आजार तोच आहे, फक्त नाव बदललं.

वजन किती उतरलं की लिव्हरला काय मिळतं, याचा अंदाज आज पक्का आहे. ३ ते ५ टक्के वजन उतरलं की चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर सूज ओसरते. वळ मागे हटायला १० टक्क्यांहून जास्त उतरावं लागतं. ९८ किलोच्या माणसासाठी हे १० किलो झाले. आहार आणि चालण्याने १० किलो उतरवून ते वर्षानुवर्षे टिकवणं बहुतेकांना जमत नाही. त्यात त्यांचा आळस नसतो. वजन घटलं की भुकेची हार्मोन्स उलट जोर करतात. ऑपरेशन इथेच कामाला येतं.

ऑपरेशनचे प्रकार, लिव्हरच्या बाजूने पाहिले तर

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. काढलेल्या भागात भूक वाढवणारं घ्रेलिन बनतं, म्हणून भूक बरीच कमी होते. पहिल्या वर्षात एकूण वजनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास घट होते. छातीत जळजळ वाढणं ही स्लीव्हची नेहमीची तक्रार आहे.

रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरची, म्हणजे लहान वाटीच्या चौथाईएवढी, पिशवी करतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वेगळ्या वाटेने येऊन १०० ते १५० सेंटिमीटर खाली अन्नाला भेटतो. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन जास्त सुटतं, इन्शुलिन नीट काम करू लागतं आणि लिव्हरकडे येणारा चरबीचा लोंढा आटतो. पित्तरसाच्या बदललेल्या फिरण्याचाही यात वाटा आहे. साखर पहिल्या आठवड्यातच उतरते ती यामुळे, वजन तेव्हा फारसं घटलेलंही नसतं.

मग लिव्हरसाठी या दोघांत सरस कोणतं? रोममधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये २८८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले होते. एका वर्षाने लिव्हरचा तुकडा तपासला तेव्हा वळ न वाढता सूज पूर्ण गेलेले रुग्ण बायपासच्या गटात ५६ टक्के, स्लीव्हच्या गटात ५७ टक्के आणि आहार-व्यायामाच्या गटात १६ टक्के होते. म्हणजे ऑपरेशनचा फायदा स्पष्ट, पण दोन ऑपरेशनांत लिव्हरपुरता फरक जवळजवळ नाही. ‘लिव्हर खराब आहे म्हणून बायपासच हवा’ असं कोणी सांगितलं तर कारण विचारा. साखर फार जुनी असणं किंवा आधीपासून जळजळ असणं ही बायपासची चांगली कारणं आहेत. फॅटी लिव्हर हे एकट्याने कारण होत नाही.

मिनी बायपासमध्ये लांबट पिशवी करून तिला आतड्याचा एकच जोड देतात. ऑपरेशन लवकर होतं, वजन चांगलं उतरतं, म्हणून आपल्याकडे ते बरंच होतं. यात बघायची गोष्ट एकच: सुरुवातीचं किती आतडं वगळलं. १५० ते २०० सेंटिमीटर ही आजची नेहमीची मापं आहेत. त्याहून लांब वगळलं की प्रथिनं अंगी लागत नाहीत, पायावर सूज येते, आणि काही रुग्णांत लिव्हर निकामी होण्यापर्यंत मजल गेल्याच्या नोंदी आहेत. प्रत्येकाच्या लहान आतड्याची लांबी वेगळी असते, कोणाची ४ मीटर तर कोणाची ८. म्हणून वगळलेल्या भागापेक्षा उरलेला भाग मोजणं जास्त महत्त्वाचं. ‘एकूण आतडं मोजणार का?’ हा प्रश्न सर्जनना आधीच विचारा. चांगल्या सर्जनना त्याचा राग येत नाही.

ड्युओडिनल स्विच आणि त्याच्या नव्या प्रकारांत आणखी जास्त आतडं वगळतात. वजन सगळ्यात जास्त उतरतं आणि कुपोषणाची भीतीही सगळ्यात जास्त. लिव्हर आधीच कमकुवत असेल तर हा रस्ता बहुतेकांसाठी नाही. जठराला पट्टा बसवण्याचं ऑपरेशन आता मागे पडलं आहे. पोटात फुगा ठेवतात तो साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो. तेवढ्या काळात लिव्हरची चरबी उतरते, आणि फुगा काढल्यावर वजन परतलं की तीही परतते.

आतडं जास्त वगळलं की लिव्हरच का बिघडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत परदेशात एक ऑपरेशन चालायचं. त्यात जवळजवळ सगळं लहान आतडं वगळून सुमारे ४५ सेंटिमीटर कामाला ठेवायचे. वजन झपाट्याने उतरायचं, पण बऱ्याच रुग्णांचं लिव्हर निकामी झालं, काही दगावले, आणि ते ऑपरेशन बंद पडलं. कारण असं की साठ्यातली चरबी वेगाने सुटून लिव्हरवर येते. ती बाहेर पाठवायला लिव्हरला प्रथिनांच्या ‘पिशव्या’ बनवाव्या लागतात. प्रथिनंच मिळाली नाहीत तर पिशव्या बनत नाहीत आणि चरबी आतच तुंबते. शिवाय वगळून पडलेल्या आतड्यात जंतू माजतात आणि त्यांची विषद्रव्यं थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. आजची ऑपरेशनं त्या मानाने खूप सुरक्षित आहेत. पण खाणं-पिणं बिघडलं तर हेच चक्र आजही लहान प्रमाणात फिरतं.

वळांचं काय? फ्रान्समधल्या लील शहरात १८० रुग्णांचा पाठपुरावा करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांनी लिव्हरचा तुकडा तपासलेल्यांपैकी ८४ टक्क्यांची सूज गेली होती आणि ७० टक्क्यांचे वळ कमी झाले होते. पण ज्यांचे वळ आधीच एकमेकांना जोडले गेले होते, त्यांच्यात ते पूर्ण पुसले गेले ते निम्म्याहून कमी जणांत. अमेरिकेत क्लीव्हलंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात सूज आणि वळ असलेल्या ११५८ जणांची तुलना होती. दहा वर्षांत लिव्हरचा गंभीर त्रास ऑपरेशन झालेल्यांत २.३ टक्क्यांना झाला, न झालेल्यांत ९.६ टक्क्यांना. त्याच अभ्यासात ऑपरेशनच्या गुंतागुंतीने पहिल्या वर्षात ०.६ टक्के रुग्ण दगावले. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत.

आधीच्या तपासण्या, आणि कागदावरचं एक गणित

पहिलं गणित घरी करता येतं. त्याला फिब-फोर म्हणतात. त्यात रक्तात मोजलेली लिव्हरची दोन एन्झाइम्स लागतात, एएसटी आणि एएलटी. वय गुणिले एएसटी (रिपोर्टवर एसजीओटी) हे वर. खाली प्लेटलेट गुणिले एएलटीचं (एसजीपीटीचं) वर्गमूळ. आपल्याकडच्या लॅब प्लेटलेट लाखात लिहितात. २.१० लाख असेल तर गणितात २१० घ्यायचे. उदाहरण: वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१० लाख. वर ४८ × ५२ म्हणजे २४९६. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून खाली २१० × ८ म्हणजे १६८०. उत्तर १.४९. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर वळांची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त, आणि मध्ये असेल तर पुढची तपासणी हवी. वय ६५ च्या वर असेल तर १.३ ऐवजी २ धरतात. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून लिव्हर ठीक आहे असं समजू नका. बऱ्याच पुढे गेलेल्या आजारातही तो नॉर्मल येतो.

पुढची तपासणी फायब्रोस्कॅन. बरगड्यांवर यंत्र टेकवून लिव्हरचा घट्टपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. सुई नाही, भूल नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तपासणीच्या आधी तीन तास काही खाऊ नका. जेवल्यावर लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो आणि आकडा खोटा वर जातो. वजन जास्त असलेल्यांसाठी यंत्राचा वेगळा ‘एक्सएल’ प्रोब लागतो. तो सेंटरवर आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारा. नाहीतर चाचणी होत नाही किंवा आकडा चुकतो, आणि खानापूरच्या पलीकडून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस फुकट जातो. ८ च्या खाली आकडा असेल तर धोका कमी, १२ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. २० किंवा त्याहून जास्त, किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी लागते.

याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. चरबीमागे दुसरा आजार लपलेला असू शकतो. दारूचा खरा हिशेब डॉक्टरांना सांगा, घरच्यांसमोर नको असेल तर एकट्याने सांगा.

सिऱ्होसिस असूनही पोटात पाणी नाही, कावीळ नाही, शिरा फुगलेल्या नाहीत, अशा निवडक रुग्णांचं ऑपरेशन होऊ शकतं, पण लिव्हरची टीम असलेल्या मोठ्या रुग्णालयातच. त्यांच्यासाठी बहुधा स्लीव्ह निवडतात. आतडं जागेवर राहतं, औषधं नेहमीसारखी शोषली जातात, आणि पुढे लिव्हर बदलायची वेळ आली तरी पित्तनलिकेपर्यंत दुर्बीण पोचते. पोटात पाणी झालेल्या किंवा भ्रम होणाऱ्या रुग्णाचं नुसतं वजनाचं ऑपरेशन करू नये.

ऑपरेशनच्या टेबलावरच लिव्हर अनपेक्षितपणे गाठी-गाठींचं दिसलं तर काय करायचं, हे आधीच ठरवून संमतिपत्रावर लिहून घ्या. थांबायचं, तुकडा घ्यायचा की बेत बदलायचा? भूल दिलेला माणूस हा निर्णय घेऊ शकत नाही, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांवर तो टाकणं बरोबर नाही.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे

लिव्हरचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. तो उचलून धरल्याशिवाय सर्जनना जठराचा वरचा कोपरा दिसत नाही. चरबीने फुगलेलं लिव्हर जड आणि ठिसूळ असतं, उचलताना फाटून रक्त येतं. म्हणून दोन ते चार आठवडे रोज ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात. भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ, बटाटा बंद किंवा अगदी नावापुरते. ताक, अंडी, मुगाचं कढण, पनीर, पालेभाज्या, काकडी आणि डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. लिव्हरमधली साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी आधी जातं, मग चरबी. दोन आठवड्यांत लिव्हर डोळ्यांना दिसण्याइतकं लहान होतं. या दिवसांत लग्न, जत्रा, यल्लम्माची यात्रा येत असेल तर तारीख पुढे घ्या. एका दिवसाच्या जेवणाने साठवलेली साखर परत भरते.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. साखरेच्या गोळ्यांत ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारं नाव असेल, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर पीठ-साखर बंद केल्यावर रक्तात आम्ल साचू शकतं, तेही साखरेचा आकडा फारसा न वाढता. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. कडक आहार सुरू करण्याआधीच त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाते, म्हणून डोस आधी कमी करून घ्यावा लागतो. हे मनाने करायचं नाही.

नंतरचं वर्ष: लिव्हरसाठी खरी परीक्षा इथे

पहिले दोन आठवडे पातळ: पेज, ताक, गाळलेली आमटी. पुढचे दोन आठवडे मऊ आणि घुसळलेलं, मग मऊ घास, आणि सहा आठवड्यांनंतर नेहमीचं जेवण लहान मापात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, वाटीभर मटकीच्या उसळीत ७-८. ज्वारीच्या भाकरीत ४-५ ग्रॅम असतात, पण ती पोट भरवते आणि उसळीला जागा ठेवत नाही. म्हणून ताटात आधी उसळ, अंडं किंवा पनीर संपवायचं, मग भाकरीचा तुकडा. पाणी दिवसभरात दीड लिटर घोट-घोट, जेवणासोबत नाही.

बायपासनंतर कुंदा किंवा गोकाकचा करदंट खाल्ला तर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. साखर थेट आतड्यात उतरल्याने हे होतं. स्लीव्हवाल्यांना ते कमी होतं, म्हणून गोड हळूहळू परत सुरू होतं आणि त्याबरोबर लिव्हरची चरबीही.

पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी थोडा वाढलेला दिसू शकतो. चरबी वेगाने सुटत असते. तो वाढतच गेला, डोळे पिवळे झाले, पायाला सूज आली, पोट फुगलं किंवा माणूस गुंगीत राहू लागला तर वाट बघू नका. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर सलाइनमध्ये नुसतं ग्लुकोज लावून घेऊ नका. आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती नसेल तर हीच चूक होते. पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं ही टाके सुटून गळती झाल्याची लक्षणं असू शकतात. पावसाळ्यात कणकुंबीकडच्या जंगलातल्या गावी लगेच परतण्याऐवजी हे दिवस रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे काढलेले बरे.

वजन वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होतात. ते टाळायला अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या, बहुधा ३०० मिलिग्रॅम दोन वेळा, सहा महिने देतात. महाग वाटतात म्हणून मध्येच सोडू नका. रू-एन-वाय बायपासनंतर खडा पित्तनलिकेत अडकला तर साध्या दुर्बिणीने तो काढता येत नाही, कारण वाटच बदललेली असते.

दारूबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. गोव्याची सीमा दोन तासांवर आणि तिथे दारू स्वस्त. बायपासनंतर, आणि स्लीव्हनंतरही, तोच पेग काही मिनिटांत रक्तात चढतो, जास्त चढतो आणि उशिरा उतरतो. दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागण्याचं प्रमाण वाढतं, कधी पूर्वी न पिणाऱ्यांतही. वळ असलेल्या लिव्हरसाठी ‘थोडीशी’ असं माप नाही.

तंबाखूही सोडावी लागते. निपाणी भागात शेतापासून घरापर्यंत ती हाताशी असते, पण निकोटिनमुळे जोडाच्या जागी अल्सर होतो, मग मशेरी असो की विडी. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही बायपासवाल्यांना नकोत. आणि वजन पुन्हा वाढू लागलं म्हणून हर्बल पावडरींच्या मागे लागू नका. ग्रीन टीच्या अर्काने लिव्हर बिघडल्याच्या अनेक नोंदी आहेत, आणि गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

रक्ताच्या तपासण्या तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दर वर्षी: लिव्हरची चाचणी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व. फायब्रोस्कॅन एका वर्षाने पुन्हा. ऑपरेशनआधी सिऱ्होसिस होता त्यांनी वजन कितीही उतरलं तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

ऑपरेशन न करता औषधांनी भागेल का? सूज आणि मध्यम ते जास्त वळांसाठी (सिऱ्होसिस नसताना) अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली. वजन मध्यम असेल तर आधी औषधांबद्दल विचारायला हरकत नाही. आशियाई लोकांसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो, पण विम्याचा हिशेब वेगळा आहे. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत काही ठरावीक आजार लागतात: हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात नसलेला मधुमेह. फॅटी लिव्हर त्या यादीत नाही. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात फक्त लिव्हरचं कारण लिहिलं तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. मधुमेह किंवा झोपेचा त्रास खरोखर असेल तर त्याची तपासणी आणि उल्लेख फाइलमध्ये आधीपासून हवा.

शेवटी एक कागद. आपल्या भागातला रुग्ण ऑपरेशन पुण्यात करतो, रक्त बेळगावात तपासतो आणि रात्री उलट्या झाल्या तर संकेश्वरच्या दवाखान्यात जातो. ‘बायपास झालाय’ एवढ्याने तिथल्या डॉक्टरांना काही कळत नाही, हृदयाचा की जठराचा इथूनच प्रश्न सुरू होतो. एका कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, किती सेंटिमीटर आतडं वगळलं, ऑपरेशनआधीचा फायब्रोस्कॅनचा आकडा, चालू गोळ्या, सर्जनचा फोन आणि ‘ग्लुकोजआधी थायमिन’ एवढं इंग्रजीत लिहून घ्या. एक प्रत पाकिटात, एक घरातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये.